चंडीगड: नाव एकाचं, साइट दुसऱ्याची

गुरुवार

दसरा उरकला होता आणि दिवाळीच्या फराळाला अजून हात लागायचा होता. तेवढ्या सवडीत निघालो. दिल्लीहून सकाळची कालका शताब्दी. पानिपतला गाडी थांबली तेव्हा बायकोने खिडकीतून पाटीचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथे लगेच विश्वासरावांपासून सुरुवात झाली. समोरच्या सीटवर कर्नालचे एक गृहस्थ होते. त्यांना आमची गडबड कळेना. त्यांच्या लेखी पानिपत म्हणजे ब्लँकेटं, गालिचे आणि घाऊक भाव. मी 1761 म्हटल्यावर ‘हाँ हाँ, मराठे’ म्हणाले आणि पुन्हा ब्लँकेटांवर आले.

बायकोचा मामेभाऊ हवाई दलात होता. शेवटची बदली चंडीगडला झाली आणि निवृत्तीनंतर तो इथेच राहिला. स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, “दाजी, आधीच सांगतो, इथे पत्ता विचारायचा नसतो. सेक्टर आणि घरनंबर, बास.” सेक्टर म्हणजे साधारण 800 मीटर बाय 1200 मीटरचा आयत. आत दुकानं, शाळा, बाग. बाहेरून मोठा रस्ता आणि कोपऱ्यावर गोल चौक. मूळ नकाशात तेरा नंबरचा सेक्टर नाही. विवेकवादी शहर म्हणून एवढा गाजावाजा आणि तेराला घाबरायचं, याची मला गंमत वाटली.

मला चंडीगड बघायचं होतं ते काँक्रीटसाठी. उभा जन्म साइटवर गेला. सेंट्रिंग, सळया, घमेली, मुकादमाशी वादावादी. त्यामुळे हे शहर आखणाऱ्या ली कॉर्ब्यूजिए या आर्किटेक्टचं नाव आमच्या लाइनीत देवासारखं घेतलं जातं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की साइटवर रोज उभं कोण होतं?

शहर का झालं ते थोडक्यात सांगतो. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं आणि इकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. आधी आल्बर्ट मेयर या अमेरिकन माणसाने आराखडा केला. त्याचा जोडीदार मॅथ्यू नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात गेला. मग पंजाब सरकारचे पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपात माणूस शोधायला गेले आणि कॉर्ब्यूजिएपर्यंत पोचले. त्याची अट अशी की मी पॅरिस सोडणार नाही, वर्षातून दोनदा येईन. मग इथे राहून काम कोण बघणार? तर त्याचा चुलत भाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे इंग्रज नवरा-बायको. फ्राय-ड्र्यू तीन वर्षांनी परत गेले. जानरे राहिला तो 1965 पर्यंत.

संध्याकाळी सेक्टरातल्याच बाजारात छोले-भटुरे खाल्ले. शहर अजून दिसलंच नव्हतं. दिसली ती झाडं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने, एका रस्त्याला एक जात. हे काम एम. एस. रंधावा या आयसीएस अधिकाऱ्याचं. कोणत्या रस्त्याला कोणतं झाड, कोणत्या महिन्यात कुठे फुलोरा, असा विचार करून लावलेली. मेव्हणा म्हणाला, उन्हाळ्यात याच, बहावा बघायला.

शुक्रवार

आजचा दिवस कॅपिटॉल कॉम्प्लेक्सचा. शहराच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या डोंगरांच्या पायथ्याशी तीन इमारती: उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा. 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथे मनाला येईल तसं फिरता येत नाही. पर्यटन केंद्रात आधार कार्ड दाखवून नोंद करायची, मग गाइड गटाने आत नेतो. आमच्या गटात दोन फ्रेंच मुली, हैदराबादचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि आम्ही. विद्यार्थ्यांच्या खांद्याला वह्या, माझ्या खांद्याला बायकोची पाण्याची बाटली.

पहिलं उच्च न्यायालय, 1955 मध्ये उघडलेलं. लांबून दिसतं ते वरचं छप्पर, खालच्या इमारतीपासून सुटं, छत्रीसारखं धरलेलं. मधून वारा जातो आणि खालचं छत उन्हापासून वाचतं. दर्शनी बाजूला तीन उंच भिंती, हिरवी, पिवळी, लाल. आधी हे रंग नव्हते, पुढे दिले. काळे कोट घातलेले वकील या रंगांखालून फायली घेऊन लगबगीने जात होते आणि एकाचीही मान वर होत नव्हती. रोजचंच आहे त्यांना. आत न्यायाधीशांच्या मागे भिंतभर गालिचे टांगलेत, डिझाइन कॉर्ब्यूजिएचं आणि विणकाम काश्मिरी कारागिरांचं. आवाज घुमू नये हा हेतू.

मी मात्र रॅम्पजवळच्या एका कॉलमपाशी अडकलो. काँक्रीट ज्या लाकडी साच्यात ओतलं त्याच्या फळ्यांचे ठसे त्यावर जसेच्या तसे आहेत. लाकडाची रेष, गाठ, दोन फळ्यांच्या सांध्यात झिरपून सुकलेला सिमेंटचा पाझर, सगळं. आमच्या साइटवर असं दिसलं असतं तर साहेबाने आधी मुकादमाला आणि मग मला उभं केलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाले लागले असते. इथे तेच अभिमानाने उघडं ठेवलंय. जवळ जाऊन बघितलं. एका ठिकाणी हाताएवढा पट्टा हनीकोम झालाय, खडी उघडी पडलीय, आणि तो नंतर कुणीतरी थापीने भरून काढलाय. भरलेला भाग रंगाने किंचित गडद आणि त्यावर थापीची अर्धगोल फिरकी स्पष्ट दिसते. ती फिरकी डाव्या हाताची आहे असं माझं मत. बायको म्हणाली, “अहो, लोक पुढे गेले.”

त्या काळचे फोटो मी पाहिलेत. क्रेन नाही. लाकडी वाशांचे पाड, मातीचे उतार, आणि डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायकांची रांग. एवढ्या उंचीचं काँक्रीट असं घमेल्या-घमेल्याने वर चढलं. कॉर्ब्यूजिएने या खडबडीतपणाला तत्त्वज्ञान दिलं हे खरंच. पण मजूर जसे होते, लाकूड जसं मिळत होतं, ते धरूनच ते तत्त्वज्ञान जमलं. गुळगुळीत काँक्रीट हवं असा त्याने हट्ट धरला असता तर ही इमारत आजही पाडावरच असती.

इथे महेंद्र राज यांचं नाव घ्यायलाच हवं. पंजाबच्या बांधकाम खात्यातला हा तरुण अभियंता या न्यायालयाच्या आणि सचिवालयाच्या स्ट्रक्चरवर काम करत होता. पुढे अमेरिकेत जाऊन आला आणि 1960 मध्ये मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन त्यांच्याच हिशोबावर उभं होतं. 2017 मध्ये ते एका रात्रीत पाडलं. आर्किटेक्टचं नाव निदान फलकावर तरी राहतं. स्ट्रक्चरवाल्याचं कॅलक्युलेशन शीटच्या कोपऱ्यात.

मग चौक ओलांडून विधानसभेकडे. चौक म्हणजे केवढा! न्यायालय एका टोकाला, विधानसभा दुसऱ्या टोकाला, मध्ये नुसती फरसबंदी. कागदावर कल्पना अशी होती की लोकांनी इथून चालत जावं, न्याय, कायदा आणि कारभार एकमेकांसमोर असावेत. प्रत्यक्षात आम्ही सोडून कोणी नव्हतं. मध्ये काटेरी तारा, पोलिसांची ठाणी, वाळूची पोती. 31 ऑगस्ट 1995 ला सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग मारले गेले. त्यानंतर हा बंदोबस्त असणारच, त्यात कुणाला दोष द्यायचा? पण तारांनी चौकाचे तुकडे झालेत ते झालेतच. ऑक्टोबरचं ऊन दहा-साडेदहालाच चटका देत होतं आणि सावलीला म्हणून जावं असं एक झाड त्या फरसबंदीवर नाही. शहरभर एवढी झाडं लावली आणि नेमकं इथेच मोकळं ठेवलं.

विधानसभेची इमारत समोरून पाहिली की आधी दिसतो तो वर वळलेल्या पन्हळीसारखा प्रचंड सज्जा, पातळ उभ्या भिंतींवर पेललेला. पावसाचं पाणी या पन्हळीतून खाली हौदात पडावं अशी योजना. त्यामागे छपरातून वर आलेलं सभागृह, कमरेत बारीक आणि वर पुन्हा रुंदावणारं. औष्णिक वीजकेंद्राच्या शीतक मनोऱ्याचा हा आकार. कॉर्ब्यूजिएने अहमदाबादला साबरमतीकाठचे मनोरे पाहिले आणि तो उचलला. एवढ्या उंच कवचाची जाडी सरासरी 15 सेंटीमीटर! आपल्या फ्लॅटच्या स्लॅबपेक्षा थोडीशीच जास्त. वक्र सेंट्रिंग, आत-बाहेर फळ्या, मधल्या फटीत सळया, त्यात वरून काँक्रीट ओतायचं आणि ते तळापर्यंत पोचतंय का हे दांड्याने ठोकून बघायचं. मला खरोखर त्या मुकादमाच्या पाया पडावंसं वाटलं.

दर्शनी दरवाजा फ्रान्स सरकारची भेट. इनॅमलचे पत्रे जोडून केलेला, कॉर्ब्यूजिएने स्वतः रंगवलेला. वर सूर्याचे मार्ग, खाली नदी, झाड, जनावरं. एरवी तो बंदच असतो. आम्ही बाजूने आत गेलो. फोन जमा.

आत गेल्यावर मी बराच वेळ बोललो नाही. ही अंधारी जागा आहे. गोल कॉलम सरळ वर जातात आणि वर काळं छत, त्यामुळे उंचीचा अंदाजच येत नाही. कडेने वरून थोडा उजेड झिरपतो. मधोमध त्या सभागृहाचं गोल पोट खाली आलेलं. रॅम्पवरून फायली घेऊन एक शिपाई निवांत चालला होता आणि त्याच्या चपलांचा आवाज पार पलीकडून ऐकू येत होता. बाहेरच्या त्या भगभगीत चौकानंतर हा गारवा, हा अंधार. उन्हाळी प्रदेशात सार्वजनिक इमारत कशी असावी ते इथे कळतं. पुस्तकांत नेहमी त्या शीतक मनोऱ्याचे फोटो असतात. या दालनाचा फोटो धड येत नाही, म्हणून हे राहून जातं.

सज्जातून पंजाबच्या सभागृहात डोकावलो. भिंतींवर ढगाच्या आकाराची रंगीत पॅनेलं, आवाज शोषण्यासाठी. तरी अशा आकारात आवाजाचा त्रास होणारच, माईकशिवाय इलाज नाही. हरियाणाची विधानसभा याच इमारतीत, दुसऱ्या सभागृहात भरते. ते मुळात वरच्या सभागृहासाठी, म्हणजे विधान परिषदेसाठी बांधलेलं, त्यावर पिरॅमिडसारखं छप्पर. 1966 मध्ये हरियाणा वेगळा झाला आणि एका राज्यासाठी बांधलेल्या घरात दोन बिऱ्हाडं आली. चंडीगड केंद्रशासित झालं. 1985 च्या राजीव-लोंगोवाल करारात ते 26 जानेवारी 1986 ला पंजाबला द्यायचं ठरलं. ते झालं नाही. गाइड हे सांगताना जपून बोलत होता, कारण गटात दोन्हीकडचे लोक असतात.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करायचा घाट दिल्लीत घातला गेलाच होता. माझे वडील त्या आंदोलनाच्या गोष्टी सांगायचे. त्यामुळे मेव्हणा दुपारी म्हणाला की केंद्रशासित आहे म्हणूनच इथले रस्ते चांगले, तेव्हा त्याचं पटत असूनही मान हलवायला जड गेलं.

सचिवालय बाहेरूनच पाहिलं. 254 मीटर लांब, जहाजासारखं आडवं पडलेलं. राज्यपालांचा महाल चौकाच्या माथ्यावर व्हायचा होता. लोकशाहीत एवढा थाट नेहरूंना पटला नाही आणि तो झालाच नाही. त्यामुळे चौकाची चौथी बाजू रिकामीच आहे.

शेवटी ‘उघडा हात’ हे शिल्प. 26 मीटर उंच, पत्र्याचा, वाऱ्याने फिरतो. कॉर्ब्यूजिए आयुष्यभर याच्या मागे होता आणि पैसे कधी मिळाले नाहीत. तो 1965 मध्ये गेला. हात उभा राहिला 1985 मध्ये, नांगलच्या वर्कशॉपमध्ये बनवून. आम्ही गेलो तेव्हा वारा पडलेला होता. फ्रेंच मुली तो फिरायची वाट बघत अर्धा तास बसल्या. हैदराबादकर मुलांनी रेखाटनं सोडून रील काढली.

शनिवार

सकाळी रॉक गार्डन. कॅपिटॉलपासून हाकेच्या अंतरावर, आणि मनाने पार उलट टोकाला. नेकचंद सैनी हे बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. नव्या शहरासाठी जुनी गावं उठवली, घरं पाडली. त्या ढिगाऱ्यातल्या विटा, फुटकी भांडी, बांगड्या, कौलं हा माणूस सायकलवरून गोळा करायचा आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात रात्री चोरून आपलं राज्य उभारायचा. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. सापडलं तेव्हा सगळंच बेकायदा. नियमाने बघितलं तर बुलडोझर लागायला हवा होता. 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं, नेकचंदना पगार आणि हाताखाली माणसं मिळाली. कुठल्या तरी अधिकाऱ्याने नियम बाजूला ठेवला असणार. खात्यात असे लोक असतात, त्यांची नावं कुठे येत नाहीत.

दारं मुद्दाम ठेंगणी, वाकूनच आत जावं लागतं. फुटक्या बांगड्यांच्या बायका, कपबशांचे मोर, प्लगपॉइंटची भिंत, स्वच्छतागृहातली चिनीमाती. एका भिंतीला जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या आडव्या बसवल्यात. बायको इथे रमली ती निघेना. कालच्या चौकात जेवढी माणसं दिसली नव्हती तेवढी इथे एका धबधब्यापाशी होती. शाळेच्या सहली, नवं लग्न झालेली जोडपी, लुधियानाहून आलेल्या आज्या. गर्दी इतकी की शेवटी मीच कंटाळलो.

दुपारी सेक्टर 17. एकेकाळचं शहराचं हृदय, फक्त पायी फिरायचा चौक. आदित्य प्रकाश यांनी केलेलं नीलम थिएटर तिथेच. आता लोक मॉलमध्ये जातात. दुकानं आहेत, कबुतरं आहेत, कारंजं आहे. फार वेळ थांबलो नाही. एक गोष्ट मात्र मनात भरली. कॉर्ब्यूजिएने शहरासाठी जो फर्मानवजा मसुदा लिहिला, त्यात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत असं स्पष्ट घातलंय. आमच्याकडे चौक मोकळा दिसला की आधी पुतळा समिती स्थापन होते, मग जागेवरून दोन गट पडतात.

संध्याकाळी सुखना तलाव. 1958 मध्ये पावसाळी ओढ्यावर बांध घालून केलेला. बांधावर गाड्या नाहीत, तलावात मोटरबोटी नाहीत, ही तेव्हाच घातलेली अट. अख्खं चंडीगड इथे चालायला येतं. सरदारजी ट्रॅकसूटमध्ये, मुली सायकलवर, एक कुटुंब भटुऱ्यांचा डबा उघडून. मेव्हणा रोज येतो. त्याच्या ओळखीच्यांचे रामराम घेत घेत चालायचं म्हणजे बांध काही संपत नाही. ओढा गाळ आणतो आणि तलाव उथळ होत जातो, ही तक्रार इथे प्रत्येकाच्या तोंडी.

पिएर जानरे 1967 मध्ये जिनिव्हाला वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा 1970 मध्ये या पाण्यात सोडली. बायकोने विचारलं, कुठल्या बाजूला? पाटी काही दिसली नाही.

रविवार

सेक्टर 5, घर नंबर 57. जानरेचं घर, आता संग्रहालय आहे. दुमजली, विटांचं, साधं. भिंतीत विटा एक सोडून एक पुढे काढलेल्या, जाळीतून उजेड. आत त्याची पत्रं, नकाशे, स्वतः बनवलेलं फर्निचर. आतल्या भिंतींमध्ये बांबू, गोटे, साधं लाकूड, गावाजवळ मिळेल तेच.

आणि खुर्च्या. इंग्रजी व्ही उलटा धरावा तसे सागवानी पाय, बसायला वेत. सगळ्या सरकारी कचेऱ्यांसाठी, ग्रंथालयांसाठी, विद्यापीठासाठी या हजारोंनी बनवल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर फेकल्या गेल्या, भंगाराच्या लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या, पॉलिश केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेकीला लाखांचा भाव आला. 2011 मध्ये केंद्राने हे फर्निचर विकायला बंदी केली. मी एका खुर्चीकडे वाकून पाहिलं. पायाच्या मागच्या बाजूला अजून पांढऱ्या रंगात खात्याचा नोंदणी क्रमांक आहे, आपल्या तहसील कचेरीतल्या कपाटावर असतो तसा. लिलावात म्हणे हाच क्रमांक असली मालाची खूण धरतात.

तिथल्या रखवालदाराने आम्हाला वरची खोली उघडून दाखवली. खिडकीतून बाग दिसते. पॅरिसहून नकाशे यायचे, त्यांच्याशी इथली वाळू, इथला सुतार, इथलं बजेट जुळवत हा माणूस वर्षानुवर्षं बसायचा. त्याच्यासोबत ऊर्मिला युली चौधरी, एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश ही तिशीच्या आतबाहेरची भारतीय मंडळी. शहरातली बहुतेक घरं, शाळा, विद्यापीठातलं पाण्यात उभं गांधी भवन हे जानरेचं. तरी शुक्रवारी गाइडने त्याचं नाव दोनदाच घेतलं. मी बायकोला म्हटलं, साइट इंजिनिअरचं असंच असतं. ती म्हणाली, “तुमचं नाव मी घेते ना उखाण्यात.”

अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहिलं. माझ्या आधीचा मराठी अभिप्राय ठाण्याच्या कुणाचा तरी होता, त्यात फक्त पंखे बंद असल्याची तक्रार. पंखे अजूनही बंदच होते. दुपारी मेव्हण्याने कालक्याला सोडलं. तिथून शिमल्याची छोटी गाडी. पुढचं सगळं डोंगरातलं, त्याबद्दल वेगळं लिहीन.